मुदत आणि सोबत

दहिसर मागे टाकून पश्चिम रेल्वेचा मार्ग खाजणांच्या आणि मिठागरांच्या प्रदेशात शिरतो आणि वसईच्या खाडीवरील पुलाकडे जातो, त्या टापूत गेल्या चार-पाच दशकांत मिरा-भाईंदर हे जे शहर उभे राहिले, तेथील नागरिकांच्या दिनक्रमाचा विचार केला असता असे आढळते की, त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असले, तरी ते लिहून काढण्यास लागणारा सलग मोकळा वेळ मात्र बहुधा नसतो. १९८५ साली जेथे नगरपरिषद स्थापन झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी जिची महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत जिची लोकसंख्या ८,०९,३७८ भरली, अशा या वस्तीतील फार मोठा वर्ग सकाळी लोकल गाठून मुंबईस जातो, भाईंदरपासून चर्चगेटपर्यंत धीम्या गाडीने तास-सव्वा तास घालवतो, दिवसभर चाकरी करतो आणि तितकाच वेळ प्रवासात खर्चून रात्री घरी येतो. अशा मनुष्याच्या मनात एखादी कथा, एखादे आत्मकथन, आपल्या गावाचा किंवा व्यवसायाचा एखादा वृत्तांत लिहावा अशी इच्छा असली, तर ती तो साहजिकच दीर्घ रजेच्या, मुलांच्या परीक्षा संपण्याच्या किंवा सेवानिवृत्तीच्या हवाली करतो; आणि ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आला, की त्यालाही दुसरी कामे चिकटलेली असतात.

लिहिण्याजोगा मजकूर येथे नाही, असे कोणीही म्हणू शकणार नाही. राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन, पाली, चौक, घोडबंदर, काशी, चेणे ही जी मूळची गावे या शहरात सामावली गेली, त्यांतील आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या स्मरणात शेतीचा, मिठाचा आणि मासेमारीचा एक अख्खा कालखंड साठलेला आहे. तर कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, गुजरातेतून, राजस्थानातून आणि उत्तर हिंदुस्थानातून येथे येऊन स्थायिक झालेल्यांपाशी स्थलांतराच्या हकीकती आहेत. उणीव आहे ती लिहिण्यास बसण्याच्या निमित्ताची. हे निमित्त बाहेरून निर्माण करता येते, त्यास फार मोठी सामग्री लागत नाही, आणि मुदत व सोबत या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अतिशय व्यग्र मनुष्याच्या हातूनही नेमाने लेखन होते, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. काही जणांनी एका ठिकाणी जमावे, घड्याळ लावावे, वीस-पंचवीस मिनिटे मुकाट्याने आपापले लिहावे आणि मग उठावे, एवढीच ती पद्धत आहे.

पूर्वसूरींची व्यवस्था

ही पद्धत परकीय आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु लेखक हा एकांतात, स्वतःच्या लहरीनुसार लिहिणारा मनुष्य असतो, ही कल्पनाच मराठीत तुलनेने अलीकडची आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास सिद्ध झाली, तेव्हा ज्ञानदेव बोलत होते, श्रोते ऐकत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. त्यापूर्वी थोडीच वर्षे म्हाइंभटांनी ऋद्धिपूर येथे लीळाचरित्राची जुळवाजुळव केली, ती चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांना गाठून आणि नागदेवाचार्यांकडून त्या आठवणी पडताळून घेऊन केली. तुकोबांचे अभंग लिहून ठेवण्याचे श्रेय संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांना दिले जाते. आणि शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहिला, ही परंपरा तर सर्वश्रुत आहे. याच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास संपूर्णपणे लेखनक्रियेस वाहिलेला असून, अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, शाई, कागद इत्यादींचा विचार करताना समर्थांनी असा दंडक घातला आहे की, पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. लेखन ही शिस्तीने आणि सातत्याने करावयाची क्रिया आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. या सर्व प्रसंगी सांगणाऱ्यासमोर लिहिणारा बसलेला होता. आणि समोर कोणी टाक सरसावून बसले असता ‘आज सुचत नाही, उद्या पाहू’ असे म्हणणे सोपे नसते.

धर्मग्रंथांकडून दप्तराकडे वळले, तरी हीच गोष्ट दिसते. पेशवाईत पुण्याच्या हुजूर फडात कारकून मंडळी एकत्र बसून मोडीत झरझर लिहीत, आणि त्या त्या दिवसाच्या व्यवहाराची नोंद त्या त्या दिवशी रोजकिर्दीत होत असे. मोहिमेवर असताना मुदत आणखी कडक होई. १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेत, ज्या मोहिमेत आपल्याच शहराच्या हद्दीतील, उत्तनलगतचा धारावीचा किल्ला मराठ्यांनी काबीज केला, चिमाजी आप्पांच्या छावणीतून पत्रांची जी रवानगी चालू होती, ती पत्रे वाचताना त्यांतील मजकुराच्या नेटकेपणाचे नवल वाटते. कारण जासूद निघावयाच्या आत लखोटा तयार व्हावयास हवा, या अटीखाली ती लिहिली गेली होती. लेखकास स्वस्थता नव्हती. परंतु आज जे लिहावयाचे ते आजच लिहिले पाहिजे, याविषयी संशयही नव्हता.

पुढे जासुदाची जागा छापखान्याने घेतली. हरी नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’सारखी कादंबरी त्यात क्रमशः प्रसिद्ध केली, तेव्हा अंकाचा दिवस ही त्यांची मुदत आणि पुढील प्रकरणाची वाट पाहणारा वाचक ही त्यांची सोबत होती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि एका परंपरेचा पाया घातला, त्या परंपरेने गेली शंभरहून अधिक वर्षे मराठी लेखकांना दर वर्षी एक न चुकणारी तारीख दिली आहे. मराठीतील किती कथा, किती कविता, किती लेख केवळ दिवाळी अंकाच्या संपादकाच्या तगाद्यामुळे कागदावर उतरले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. परंतु लिहिणाऱ्या कोणासही विचारले, तर तो या तगाद्याविषयी कृतज्ञतेनेच बोलेल.

सोबतीचा आणखी एक दाखला पुण्याच्या रविकिरण मंडळाचा आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या या मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, नाट्यछटाकार दिवाकर आदी मंडळी होती. रविवारच्या चहाला जमून एकमेकांच्या कविता ऐकण्याचा त्यांचा शिरस्ता होता. ते घड्याळ लावून एकत्र लिहीत नसत, हे खरे. तथापि रविवारी मित्रांपुढे काही वाचावयाचे आहे, या एका गोष्टीने सोमवार ते शनिवार या दिवसांस जो अर्थ येतो, तो एकाकी लेखकाच्या आठवड्यास येत नाही.

परदेशांतील प्रयोग

ज्यास आज लेखन-बैठक म्हणता येईल, तिचे नियमबद्ध स्वरूप मात्र पाश्चात्य देशांत घडले, आणि तेही टप्प्याटप्प्याने घडले. पहिला टप्पा एकट्या मनुष्याच्या घड्याळाचा आहे. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीस होता. पहाटे साडेपाचपासून तीन तास तो लिहीत असे, आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासास अडीचशे शब्द झाले पाहिजेत, असा त्याने स्वतःस दंडक घालून घेतला होता. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने ही हकीकत निःसंकोचपणे नमूद केली, तेव्हा त्या काळच्या रसिकांना असे हिशेबी लेखन रुचले नाही. परंतु ४७ कादंबऱ्या मागे ठेवणारा हा लेखक दीर्घकाळ पूर्ण वेळची नोकरीही करीत होता, ही गोष्ट नोकरदार वाचकाने विसरू नये.

दुसरा टप्पा शिक्षकांचा आणि विद्यार्थ्यांचा आहे. पीटर एल्बो यांनी १९७३ साली ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकात अशी सूचना केली की, दहा मिनिटे हात न थांबवता लिहावे, खोडू नये, मागे वळून वाचू नये, काही सुचले नाही तर ‘सुचत नाही’ असेच लिहावे. कारण लिहिणे आणि लिहिलेले पारखणे या दोन क्रिया एकाच वेळी करू गेल्यास दुसरी पहिलीचा गळा दाबते. त्यानंतर १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून अभ्यास करण्याची जी युक्ती काढली, ती ‘पोमोडोरो’ या नावाने प्रसिद्ध आहे: पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती, आणि असे चार फेरे झाले की थोडी दीर्घ विश्रांती.

तिसरा टप्पा समूहाचा आहे. १९९९ साली ख्रिस बॅटी यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील एकवीस जणांना घेऊन महिनाभरात कादंबरीचा मसुदा पुरा करण्याचा उपक्रम आरंभिला. पुढील वर्षापासून तो नोव्हेंबरात होऊ लागला, पन्नास हजार शब्दांचे, म्हणजे रोज सुमारे १,६६७ शब्दांचे, लक्ष्य त्याची ओळख बनले आणि जगभरातील लाखो माणसे त्यात सामील झाली. ‘नॅनोरायमो’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या गेलेल्या या उपक्रमात एकत्र जमून दहा-पंधरा मिनिटांच्या घड्याळावर वेगाने लिहिण्याची पद्धत विशेष रुजली. त्याच सॅन फ्रान्सिस्कोत २००७ साली ‘शट अप अँड राइट’ ही चळवळ सुरू झाली, जिच्यात लोक उपाहारगृहात जमतात, तासभर मुकाट्याने लिहितात आणि कोणासही काही वाचून दाखवावे लागत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत लंडनमधून अशीच दैनंदिन बैठक संगणकाच्या पडद्यावरून सुरू झाली आणि निरनिराळ्या देशांतील माणसे एका ठराविक तासाला आपापल्या घरी बसून एकत्र लिहू लागली. नॅनोरायमो चालविणारी संस्था २०२५ साली बंद झाली. परंतु पद्धत तिच्याबरोबर बंद पडली नाही, कारण या पद्धतीला चालण्यासाठी संस्थेची गरजच नसते.

हे घडते कसे

या पद्धतीच्या परिणामकारकतेविषयी केवळ उत्साही मंडळींची साक्ष पुरेशी नाही. म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांच्या निरीक्षणांचा येथे उल्लेख करतो. नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांचे लेखन का रखडते, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९८९ साली त्याचे निष्कर्ष मांडले. जे प्राध्यापक पूर्वीप्रमाणेच, मोठी सवड सापडेल तेव्हा लिहिण्याच्या बेताने राहिले, त्यांची वर्षभरात सरासरी १७ पाने झाली. ज्यांनी रोज थोडा वेळ लिहिले आणि त्याची नोंद ठेवली, त्यांची ६४ पाने झाली. आणि ज्यांनी रोज लिहिले, नोंद ठेवली व शिवाय ती नोंद नियमाने दुसऱ्या कोणास दाखविली, त्यांची १५७ पाने झाली. हा अभ्यास लहान होता आणि तो प्राध्यापकांपुरता होता. त्यामुळे त्यातील आकडे कथालेखकास जसेच्या तसे लागू करणे योग्य होणार नाही. परंतु पहिल्या आणि दुसऱ्या गटांत जे अंतर आहे, त्याहून अधिक अंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांत आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नियमितपणाने लेखन वाढले. कोणीतरी विचारणारे आहे, या जाणिवेने ते त्याहूनही वाढले.

दुसऱ्याच्या उपस्थितीचा कामावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचा शोध त्याहून जुना आहे. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट यांनी असे दाखवून दिले की, सायकलस्वार एकटा असता जितक्या वेगाने जातो, त्याहून अधिक वेगाने तो बरोबर दुसरा स्वार असता जातो. १९६५ साली रॉबर्ट झायन्स यांनी यात एक महत्त्वाची भर घातली, ती अशी की, इतरांच्या सान्निध्याने सरावातील काम सुधारते, परंतु जे काम नवे व कठीण आहे ते बिघडण्याचाही संभव असतो. लेखकाने यापासून घ्यावयाचा बोध उघड आहे: जो विषय मनात घोळून तयार झालेला आहे, जो प्रसंग अनेकदा तोंडी सांगून झालेला आहे, तो बैठकीत कागदावर उतरवावा, आणि ज्या कूटप्रश्नाची उकल अजून व्हावयाची आहे, त्यासाठी एकांत राखून ठेवावा.

आणि मुदत इतकी थोडी का असावी, या प्रश्नाचे उत्तर भाईंदरच्या मिठागराने फार पूर्वी दिलेले आहे. भरतीचे पाणी खोल तळ्यात कोंडून ठेवले, तर ते महिनोन्महिने पाणीच राहते. तेच उथळ वाफ्यांत पसरू दिले, म्हणजे उन्हाने आटून त्याचे मीठ होते. पंचवीस मिनिटांचा अवकाश असाच उथळ असतो. त्यात संपूर्ण कादंबरीचा विचार मावत नाही, कीर्तीचा विचार मावत नाही, समीक्षकाची भीती मावत नाही. एक परिच्छेद तेवढा मावतो, आणि म्हणून तो परिच्छेद लिहिला जातो.

बैठकीचा शिरस्ता

आता प्रत्यक्ष बैठक कशी चालावी, ते थोड्या तपशिलाने सांगतो. माणसे चारांहून कमी आणि आठांहून अधिक नसावीत. चारांहून कमी असली, तर दोघे गैरहजर राहताच बैठक मोडते, आणि आठांहून अधिक झाली, तर गप्पांना ऊत येतो. दिवस आणि वेळ कायमची ठरलेली असावी. दर वेळी सर्वांची सोय पाहून वेळ ठरवू गेल्यास बैठकी तहकूब होण्याचेच प्रमाण वाढते. आरंभी प्रत्येकाने एका वाक्यात, आज काय लिहिणार ते सांगावे. ‘आत्मचरित्र पुढे नेणार’ असे संदिग्ध न सांगता ‘आजोबांच्या घराच्या ओटीचे वर्णन करणार’ असे नेमके सांगावे. मग एकाने मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा टायमर लावावा आणि बाकीचे सर्व मोबाइल पिशवीत जावेत. या वेळात बोलू नये, उठू नये, शब्दकोश उघडू नये. जो शब्द अडेल त्याच्या जागी रेघ मारून पुढे जावे. पंचवीस मिनिटे झाली, की वाक्य अर्धे असले तरी थांबावे, कारण अर्धे सोडलेले वाक्य पुढील बैठकीत आरंभाचे काम सोपे करते. पाच मिनिटे पाय मोकळे करावेत, दुसरा फेरा करावा, आणि अखेरीस प्रत्येकाने किती लिहिले ते एका वहीत नोंदवून निरोप घ्यावा. वाचून दाखविण्याची सक्ती कोणावरही नसावी, आणि या ठिकाणी टीका तर मुळीच नसावी. वाचनासाठी महिन्यातून एक दिवस वेगळा ठेवता येतो.

मिरा रोड येथील एका गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात रविवारी सकाळी भरलेली अशी एक बैठक प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिली आहे. देखभालखर्चाच्या पावत्यांची पुस्तके आणि पार्किंगच्या नकाशाची गुंडाळी एका बाजूस सारून सहा जण एका लांब टेबलाभोवती बसले होते. त्यांत तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून होते, प्राथमिक शाळेच्या एक शिक्षिका होत्या, रात्रपाळी संपवून थेट आलेली एक परिचारिका होती आणि उत्तनहून मोटारसायकलीवर आलेला कोळी समाजातील एक तरुण होता. कारकूनसाहेबांनी फुलस्केप कागदाला दुमड घालून समास पाडला, वर तारीख घातली, आणि एरवी तहसिलातील हकीकती तासन्‌तास रंगवून सांगणारे हे गृहस्थ घड्याळ लागताच असे गप्प झाले, की पंख्याचा आवाज तेवढा राहिला. परिचारिकेने पहिली काही मिनिटे नुसते कागदाकडे पाहण्यात घालविली. मग शेजारच्या शिक्षिकेचे पेन चालताना पाहून तिनेही एक ओळ लिहिली, ती खोडण्यासाठी पेन उचलले, खोडावयाचे नाही हा नियम आठवून ते परत खाली ठेवले आणि पुढे लिहू लागली.

उत्तनच्या तरुणाने त्या दिवशी बोंबील वाळविण्याची पद्धत लिहावयास घेतली होती. दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून बांबूच्या वलांडीवर कसे टांगतात, वारा कोणत्या बाजूचा असावा, अवकाळी पावसाचे चार थेंब पडले तर माल कसा काळवंडतो आणि घरातील बायका मग काय धावपळ करतात, हे त्याने दोन फेऱ्यांत सव्वा पान लिहिले. दुसऱ्या फेऱ्याच्या अखेरीस तो म्हणाला, “काका, हे सगळं मला ठाऊक होतं, पण लिहिण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नव्हतं.” यावर कारकूनसाहेबांनी वहीत त्याच्या नावापुढे सव्वा पानाची नोंद केली आणि एवढेच म्हटले, “पुढच्या रविवारी आईला विचारून ये, त्या वलांडीच्या बांबूंना कशाने बांधतात ते.” या एका वाक्यात बैठकीचे सारे रहस्य आले. त्या तरुणाच्या लेखनाची कोणीतरी वाट पाहत होते, आणि ती वाट पाहण्यास एक ठरलेला दिवस होता.

अशा बैठकीतून किती काम होते, याचे गणित साधे आहे. एका बैठकीत दोनशे शब्द, इतका माफक अंदाज धरला आणि आठवड्यातून तीन बैठकी झाल्या, तर वर्षाला ३१,२०० शब्द होतात, म्हणजे एका लहानशा पुस्तकाचा कच्चा मसुदा तयार होतो. दिवाळी अंकातील अडीच हजार शब्दांच्या लेखास या हिशेबाने बारा-तेरा बैठकी लागतात. जो मनुष्य एप्रिलच्या आरंभी बसेल, त्याचा मसुदा मे महिन्याच्या आत हातावेगळा होईल, आणि संस्कारासाठी त्यास पावसाळ्याचे दिवस मोकळे मिळतील.

आक्षेप आणि मर्यादा

या पद्धतीवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील काही खरे आहेत आणि त्यांचा आदराने विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, श्रेष्ठ साहित्य हे एकांताचे अपत्य आहे, जी. ए. कुलकर्णींसारखा कथाकार धारवाडात लोकांपासून दूर राहून जे लिहून गेला, ते सहा जणांच्या टेबलाभोवती लिहिले गेले असते काय? या प्रश्नास प्रामाणिक उत्तर हेच की, बहुधा नसते. परंतु ज्यास एकांत लाभला आहे आणि त्या एकांताचे ज्याच्या हातून चीज होते, त्यास या पद्धतीची आवश्यकता नाही. ही पद्धत, ज्याच्या दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहतात आणि ज्यास स्वतःचे टेबल नाही, त्याच्यासाठी आहे. शांतपणे लिहिणाऱ्या माणसांच्या मध्ये बसणे, हाच त्याच्या वाट्यास येऊ शकणारा एकांत आहे.

दुसरा आक्षेप असा की, घड्याळाच्या धाकाखाली लिहिलेला मजकूर कच्चा असतो. तो कच्चा असतोच, आणि असावयास हरकतही नाही. बैठकीचे काम मसुदा निर्माण करण्याचे आहे. मसुद्यावर संस्कार करणे, पुनरुक्ती काढणे, वाक्यास घाट देणे, हे काम शांतपणे, सावकाश आणि एकट्यानेच करावयाचे असते. मसुदा आणि मुद्रणप्रत यांतील हे अंतर जो विसरतो, तो शब्दसंख्येलाच साहित्य समजू लागतो, आणि महिनाभरात पन्नास हजार शब्द करण्याच्या उपक्रमांत हा धोका नेहमीच राहिलेला आहे. तेव्हा दर तीन लेखन-बैठकींमागे एक तास तरी स्वतःच्या मजकुराच्या फेरतपासणीस द्यावा, असा नियम ज्याने त्याने घालून घ्यावा.

तिसरी मर्यादा वाङ्मयप्रकाराची आहे. आठवणी, व्यक्तिचित्रे, प्रवासवर्णने, स्थानिक इतिहास, मुलाखतींचे टिपण, कादंबरीचे प्रसंग, नाटकातील संवाद यांना ही पद्धत उत्तम मानवते. कवितेस ती सदैव मानवेल असे नाही, आणि ज्या संशोधनपर लेखनात प्रत्येक वाक्यास आधार शोधावा लागतो, त्यास तर ती बेताचीच उपयोगी पडते. तरीही कवीस स्फूर्तीची वाट पाहण्यासाठी सुद्धा एक ठरलेली जागा असावी, असे मला मनापासून वाटते.

आपल्या शहरासाठी

ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसांनी एकत्र येऊन एक कला जोपासावी, ही गोष्ट उपनगरी प्रवाशास शिकवावी लागत नाही. लोकलमधील भजनी मंडळे हे त्याचे जिवंत उदाहरण आहे. गाडी ठरलेली, डबा ठरलेला, टाळ बरोबर आणलेले, आणि उतरावयाचे स्थानक आले की अभंग आवरता घ्यावयाचा. ज्या माणसांना घरी रियाजास क्षणभर सवड नाही, त्यांचा रियाज वर्षानुवर्षे न चुकता झाला, तो गाडीच्या वेळापत्रकाने मुदत दिली म्हणून आणि शेजारच्या टाळकऱ्याने सोबत दिली म्हणून. त्याच गाडीत चौथ्या सीटवर अंग चोरून बसलेल्यास वही उघडणे कठीण आहे, हे खरे. परंतु आठवड्याचा एक तास त्यास आपल्या इमारतीत मिळू शकतो.

त्यासाठी लागणाऱ्या जागेची तजवीज अवघड नाही. सोसायटीचे कार्यालय रविवारी सकाळी बहुधा रिकामे असते. सार्वजनिक वाचनालयांत आणि अभ्यासिकांत शांतता मुळातच पाळली जाते, आणि तेथे स्पर्धापरीक्षेचे विद्यार्थी घड्याळ लावून उत्तरे लिहिण्याचा सराव करतात, त्यांच्या शेजारी लेखकानेही बसण्यास कोणाची हरकत असू नये. ज्या गृहिणींना घराबाहेर पडणे दुरापास्त आहे, त्यांनी दुपारी जेवणे आटोपल्यावर व्हिडिओ कॉल लावून, आवाज बंद ठेवून, आपापल्या घरी बसून एकत्र लिहावे. ज्याची पाळी रात्रीची आहे त्याने पहाटेची बैठक धरावी. शाळांनी आठवड्यातून एक तास असा ठेवला आणि त्यात शिक्षकांनीही मुलांबरोबर स्वतः लिहिले, तर निबंध हा पाठ करावयाचा विषय आहे, हा मुलांचा समज पुष्कळ अंशी दूर होईल. हस्तलिखित मासिकांची जी प्रथा आपल्या शाळा-महाविद्यालयांतून एके काळी जोमात होती, तिला अशा तासांतून पुन्हा मजकूर मिळू शकेल.

हे सर्व आजच करावयास हवे, यास एक कारण आहे, आणि ते केवळ साहित्याच्या हौसेपुरते मर्यादित नाही. ज्या पिढीने या परिसरातील मिठागरे पूर्ण चालू असलेली पाहिली, मोर्वा-मुर्ध्याच्या शेतांत भात लावला, घोडबंदरच्या रस्त्याने रात्री जाण्याची भीती अनुभवली आणि शिडाच्या होड्या जाऊन यंत्रांच्या होड्या आल्याचे डोळ्यांनी पाहिले, ती पिढी आता वार्धक्यात आहे. तिच्या आठवणी सरकारी दप्तरात नाहीत, महसुलाच्या नोंदीत नाहीत, आणि सात-बाराच्या उताऱ्यात तर जमिनीचे क्षेत्र मिळते, त्या जमिनीवर गायिलेली गाणी मिळत नाहीत. हे काम करण्यास मोठा ग्रंथकार कोठून तरी येईल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ते ज्याने त्याने आपल्या घरच्यांपासून, आपल्या गल्लीपासून सुरू करावयाचे आहे, आणि त्या कामाची मुदत कोणत्याही संपादकाने दिलेली नसून ती माणसांच्या आयुष्याने दिलेली आहे.

म्हणून या अंकाच्या वाचकांस आग्रहाची विनंती अशी आहे की, भाऊबीज आटोपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आपल्या ओळखीच्या तीन माणसांना बोलवावे. त्यांत एक तरी वयोवृद्ध असावा, की ज्याच्यापाशी सांगण्यासारखे आहे, आणि एक तरी तरुण असावा, की ज्याचा हात लिहिताना थकणार नाही. पंचवीस मिनिटांचे घड्याळ लावावे, लिहावे, किती झाले ते वहीत नोंदवावे आणि पुढील रविवारची वेळ ठरवूनच उठावे. पहिल्या दिवशीचे पान चांगले वठले की नाही, याची चर्चा करू नये. दुसऱ्या रविवारी चौघेही परत आले, एवढे झाले म्हणजे पहिली बैठक यशस्वी झाली, असे समजावे.